६४ आणि ३४: उस्मानाबादच्या बायकांनी जगाला काय शिकवलं?

आजची गोष्ट आहे १९९९ सालची, उस्मानाबाद जिल्ह्यातली. म्हणजे आजचं धाराशिव.

तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने खेड्यापाड्यांत खूप बायका जायच्या. बहुतेकींना कळायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. नियमित तपासणी? नव्हतीच. मग बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या, धडधाकट अशा सव्वा लाखाहून जास्त बायका. गावांचे ५२ समूह, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटलेले.

एका गटाची पॅप टेस्ट. दुसऱ्या गटात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ अॅसिड लावून पांढरे डाग दिसतात का, ते बघायचं. तिसऱ्या गटात एचपीव्ही विषाणूची टेस्ट. प्रत्येकीची तपासणी एकदाच, आणि दोष सापडला तर उपचार. चौथ्या गटाला फक्त माहिती, तपासणी नाही.

आता हा विषाणू म्हणजे काय? तो खूप कॉमन आहे. बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. पण १६ आणि १८ नंबरसारखे धोकादायक प्रकार काहींच्यात मुक्काम ठोकतात. पेशी हळूहळू बदलतात. कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. या काळात बदललेला भाग काढला की पुढचं बहुतेक टळतं. त्रास मात्र काहीच जाणवत नाही, म्हणून तर तपासायचं.

निकाल आला २००९ मध्ये. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू. एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४. गट जवळपास सारखेच मोठे! बाकी दोन तपासण्यांनी मृत्यू ठळकपणे घटलेले दिसले नाहीत. (पुढे मुंबईत दर दोन वर्षांनी केलेल्या व्हिनेगर-तपासणीने मात्र मृत्यू घटले.) पॅपमध्ये बदललेली पेशी नजरेला सापडावी लागते. इथे विषाणूच पकडला जातो, बदलाच्याही आधी.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच टेस्ट पहिली पसंती म्हणून सांगितली. त्यामागच्या पुराव्यात आपल्या मराठवाड्यातल्या बायका आहेत.

पण एक गोष्ट खुपते. तो ६४ चा आकडा. त्या बायकांची तपासणी झालीच नव्हती, म्हणून तर आपल्याला फरक मोजता आला. हे योग्य होतं का, यावर नंतर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण उपकार आहेत.

तेव्हा आज घरी एकच प्रश्न विचारा. आईला, मावशीला, काकूला, तिशी ओलांडलेल्या ताईला: "तुझी ही तपासणी झालीये का गं?" त्या लाजतील, विषय बदलतील. तुम्ही बदलू देऊ नका.