तोब्रुकचा खंदक व मराठा पलटण

किल्ला पडला म्हणजे शिबंदीस बोल लावावा, ही जुनी रीत आहे. परंतु खंदकाची स्थितीही तपासली पाहिजे. इ. स. १९४२ सालीं लिबियांतील तोब्रुकचा आग्नेय मोर्चा पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीकडे होता. तेथील रणगाडारोधक खंदक ठिकठिकाणीं वाळूनें बुजला होता, व पुष्कळ सुरुंग गझालाच्या आघाडीसाठीं उपसून नेले होते. विमानें पाडण्यासाठीं घडविलेल्या ८८ मिलिमीटरच्या जर्मन तोफांनीं त्याच मोहिमेंत ब्रिटिशांचे बरेच रणगाडे फोडल्यामुळें पाठीशीं कुमकही तोकडी होती.

२० जून रोजीं सकाळीं जर्मन विमानांनीं याच मोर्चावर बाँब टाकले. मागोमाग १५ व्या व २१ व्या पान्झर डिव्हिजनांचे रणगाडे खंदक ओलांडून आंत शिरले. दुसरे दिवशीं सेनापति क्लॉपर यांनीं ठाणें शत्रूच्या स्वाधीन केलें. सुमारें ३३,००० लोक कैद झाले.

सबब या पराभवाचा दोष मराठा पलटणीच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मुलुंडांत असोत वा कोंकणांत, शिपायांच्या घरीं त्या काळचीं पत्रें असतील तीं संग्राहकांनीं दप्तरांइतक्याच आस्थेनें जपावीं, ही विनंति.