मांसल कोंबड्यांचा अल्पप्रथिन आहार

मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या म्हणजे ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातील एकूण प्रथिनांचे प्रमाण प्रचलित शिफारशींपेक्षा कमी ठेवून, त्यामुळे पडणारी आवश्यक ॲमिनो अम्लांची तूट शुद्ध स्वरूपातील ॲमिनो अम्ले मिसळून भरून काढली असता त्या खाद्याला अल्पप्रथिन आहार म्हणतात. कुक्कुटपालनात खाद्यावरील खर्च सर्वांत मोठा असतो आणि खाद्यात प्रथिनयुक्त पेंड महाग असते. शिवाय शरीराला न लागणारे प्रथिन विष्ठेवाटे नायट्रोजनाच्या रूपात बाहेर पडते. या दोन कारणांमुळे या आहाराला महत्त्व आले.

पार्श्वभूमी : नायट्रोजनरहित अन्नावर कुत्री जगू शकत नाहीत, हे फ्रान्स्वा माझांदी या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी १८१६ मध्ये दाखविले. १८८३ मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची सोपी पद्धत शोधून काढली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे मानून नायट्रोजनाच्या आकड्याला ६·२५ ने गुणण्याचा प्रघात पडला. येणाऱ्या संख्येस ‘स्थूल प्रथिन’ म्हणतात. ही संख्या खाद्याची प्रत ठरविण्याचे माप बनली. परंतु त्या नायट्रोजनात कोणती ॲमिनो अम्ले किती आहेत, हे तीवरून कळत नाही. ही उणीव अमेरिकेत टॉमस ऑस्बर्न व लाफायेट मेंडेल यांच्या प्रयोगांनी १९१४ च्या सुमारास स्पष्ट झाली. मक्यातील झेईन हे एकच प्रथिन दिलेल्या उंदरांची वाढ होत नसे. ट्रिप्टोफेन व लायसीन ही ॲमिनो अम्ले मिसळताच ती होऊ लागे. मेथिओनिनाचा शोध १९२२ च्या सुमारास, तर थ्रिओनिनाचा शोध १९३५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील विल्यम रोझ यांच्या प्रयोगशाळेत लागला.

मका–सोयाबीन खाद्याचा उदय : व्यापारी ब्रॉयलरपालनाचा आरंभ सामान्यतः अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात १९२३ मध्ये सिसिल स्टील यांच्यापासून मानतात. त्यांनी ५० पिलांची मागणी केली असता चुकून ५०० पिले आली आणि ती त्यांनी मांसासाठी वाढवून विकली. पुढे बराच काळ पिलांच्या वाढीसाठी मासळीची भुकटी यांसारखे प्राणिज खाद्य अपरिहार्य समजले जाई. १९४८ मध्ये ब१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले आणि प्राणिज खाद्याच्या गुणाचा मोठा भाग त्यात असल्याचे कळले. त्यानंतर मका व सोयाबीनची पेंड हा खाद्याचा पाया झाला. सोयाबीनमध्ये मेथिओनीन कमी असते. कृत्रिम मेथिओनीन मिळू लागल्याने ती तूट भरून निघाली. जपानमध्ये १९५६ मध्ये ग्लुटामिक अम्ल तयार करणारा सूक्ष्मजंतू सापडला आणि त्याच्या प्रकारांपासून १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किण्वनाने लायसीन मिळविण्यात येऊ लागले. १९८० नंतर थ्रिओनीन व ट्रिप्टोफेन, आणि पुढे व्हॅलीन, ही अम्ले खाद्यासाठी उपलब्ध होत गेली.

आदर्श प्रथिनाची कल्पना : सर्व आवश्यक ॲमिनो अम्ले नेमक्या गरजेइतकी असलेले प्रथिन ते आदर्श प्रथिन होय. यात लायसीन १०० धरून इतर अम्लांचे प्रमाण सांगतात. इलिनॉय विद्यापीठातील डेव्हिड बेकर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पिलांसाठी प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांत थ्रिओनीन ६७, व्हॅलीन ७७ व आर्जिनीन १०५ असे अंक आहेत. त्याच वर्षीच्या अमेरिकी राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शिफारशीत मात्र पहिल्या तीन आठवड्यांसाठी २३ टक्के, पुढील तीन आठवड्यांसाठी २० टक्के व त्यानंतर १८ टक्के प्रथिन सुचविले होते.

मर्यादा : गणिताने जुळविलेले खाद्यही एका मर्यादेपलीकडे अपुरे ठरले. प्रथिन काही टक्क्यांनी उतरविले तोवर वाढ टिकली. अधिक उतरविता वाढ मंदावली आणि पोटातील चरबी वाढली. याचे एक कारण पक्ष्यांच्या शरीरक्रियेत आहे. सस्तन प्राणी नायट्रोजन यूरियाच्या रूपात टाकतात, तर पक्षी यूरिक अम्लाच्या रूपात. यूरिक अम्लाच्या प्रत्येक रेणूसाठी ग्लायसिनाचा एक रेणू खर्ची पडतो. ग्लायसीन शरीरात तयार होत असल्याने ते अनावश्यक गणले गेले होते. तथापि वेगाने वाढणाऱ्या पिलाला शरीरात होणारे ग्लायसीन पुरत नाही. सुमारे १६ टक्के प्रथिनाच्या खाद्यात इतर अम्लांबरोबर ग्लायसीनही दिल्यास लहान पिले नेहमीच्या खाद्यावरील पिलांइतकी वाढतात, असे लुइझियाना येथील प्रयोगांत २००६ मध्ये आढळले. पेंड घटविल्याने पोटॅशियमही घटते व खाद्यातील क्षारांचा तोल पुन्हा साधावा लागतो.

परिणाम व महत्त्व : प्रथिन एका टक्क्याने कमी केल्यास विष्ठेतील नायट्रोजन सुमारे ८ ते १० टक्क्यांनी घटतो. पक्षी पाणीही कमी पितात; त्यामुळे जमिनीवर अंथरलेले तूस कोरडे राहते, तळपायांच्या जखमा व अमोनिया वायू कमी होतो. या वायूने पक्ष्यांच्या तसेच खुराड्यात काम करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गाला इजा पोहोचते. यूरोपीय समुदायाच्या १९९१ च्या नायट्रेटविषयक निर्देशानंतर शेतातील नायट्रोजनावर मर्यादा आल्या. त्यामुळे, तसेच सोयाबीनच्या आयातीवरील अवलंबनामुळे, यूरोपात या संशोधनाला गती मिळाली.

भारतात मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही सोयाबीन पिकविणारी प्रमुख राज्ये असली, तरी पेंडीच्या भावाचा फटका कुक्कुटपालकांना बसतो. २०२१ मध्ये भाव भडकल्याने केंद्र शासनाने ऑगस्टमध्ये जनुक-परिवर्तित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. सोयाबीन उत्पादकाला भाव हवा असतो, तर कुक्कुटपालकाला स्वस्त पेंड. अल्पप्रथिन आहाराने हा विरोध मिटत नाही. पेंडीची गरज मात्र काही अंशी कमी होते. शुद्ध ॲमिनो अम्लांची किंमत पेंडीच्या बचतीपेक्षा कमी असेल तेथवरच तो परवडतो. खाद्याची किंमत अद्याप बहुधा स्थूल प्रथिनाच्या टक्केवारीवरूनच जोखली जात असल्याने पचनीय ॲमिनो अम्लांचा हिशेब ठेवण्याची सवय रुजणे, ही या पद्धतीच्या प्रसाराची पहिली अट होय.