महारवाड्यातली शाळा आणि मिशन

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा पाद्री उभा राहतो. अहमदनगरकडच्या खेड्यांपुरतं हे चित्र अपुरं आहे. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं आणि पुढे वडाळा, राहुरीकडे हातपाय पसरले. पाद्रीसाहेब खेड्यात यायचे ते हिवाळी दौऱ्यावर, तंबू ठोकून. दोन-चार दिवसांत पुढचं गाव. मागे राहायचा तो मास्तर, आपल्याच मुलखातला, बहुधा महार समाजातूनच आलेला. दिवसा पोरांना बाराखडी, संध्याकाळी प्रार्थना. नुसतं प्रवचन लोक ऐकत नाहीत, कीर्तनाला मात्र बसतात, हे इथल्याच मंडळींनी हेरलं. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. (आपल्याला ठाऊक असतात ते नारायण वामन टिळक, पण त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे बराच नंतरचा.)

आता नेहमीचा आक्षेप: धान्यासाठी बाटले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मे वाढले, हे खरंच आहे. पण शाळा त्याआधीपासून होत्या. ज्याच्या पोराला गावच्या शाळेत इतरांशेजारी बसायची सोय नव्हती, त्यानं अक्षरासाठी धर्म बदलला, तर त्याला पोटार्थी म्हणणं आम्हाला पटत नाही.

पाणवठा मात्र बाप्तिस्म्यानं खुला झाला नाही. गावाच्या लेखी महार महारच राहिला. आणि मंडळीतसुद्धा महार-मांगांनी एका पंगतीला बसावं की नाही, यावरून भांडणं होतच राहिली.