साडेतीन तासांची मुदत

12 एप्रिल 1944 : कराचीहून आलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागतं. पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा, कापसाच्या गाठी, वंगणतेल आणि सोन्याच्या विटा. धोक्याच्या मालाचा लाल बावटा मात्र चढलेला नाही.

14 एप्रिल, दुपारी 12.30 च्या सुमारास : शेजारच्या जहाजांवरून दोन नंबरच्या खणातून धुराची रेघ निघताना दिसते. कुणी कळवत नाही.

2.00 च्या आसपास : खणात आग असल्याचं खलाशांच्या ध्यानात येतं. बंब येतात, पण दाट धुरात आगीचं मूळ सापडत नाही. 900 टनांहून जास्त पाणी ओततात. ते उकळू लागतं, आणि त्यावर तरंगत जळता कापूस वर चढतो. वरच्या कप्प्यात दारूगोळा आहे.

3.00 नंतर : जहाज जागीच बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं? इंजिन दुरुस्तीसाठी खोललेलं. कप्तान आहे, बंबवाले आहेत, लष्कराचे आणि गोदीचे अधिकारी आहेत. शेवटचा शब्द कुणाचा, तेच ठरत नाही.

3.50 : जहाज सोडण्याचा हुकूम.

4.06 : स्फोट. जहाज दुभंगतं, 12 किलोमीटरवरच्या काचा फुटतात, हादरा सिमल्यापर्यंत नोंदला जातो. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. एकूण मृत 800 च्या वर. म्हणून 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन.

उत्तन किंवा भाईंदरची खाडी, कुठलीही सकाळ : पेट्रोल इंजिनाची बोट इतकी मुदत देत नाही. पेट्रोलची वाफ हवेहून तिपटीने जड. ती बंद खणाच्या तळाशी साचते आणि दिसत नाही. हवेत दीड टक्का मिसळली, की स्टार्टरची एक ठिणगी पुरते.

पेट्रोल भरण्याआधी : माणसं धक्क्यावर. इंजिन, चूल, विडी बंद. खणांची झाकणं लावलेली. सुटा कॅन धक्क्यावर उतरवूनच भरायचा.

भरल्यानंतर : सांडलेलं पुसायचं, झाकणं उघडायची, ब्लोअर किमान चार मिनिटं चालवायचा. मग वाकून तळाशी वास घ्यायचा. ब्लोअर वाफ काढतो, साचलेलं पेट्रोल नाही. ते नाकालाच शोधावं लागतं.

वास आला तर : चावी फिरवायची नाही, सगळ्यांनी उतरायचं. हे सांगायला तांडेलाची वाट बघायची नाही. ज्याच्या नाकाला पहिला वास आला, त्याचाच शब्द शेवटचा.