शाळेची वाट आणि शेवटची गाडी

शिक्षणाचा इतिहास लिहितांना आपण शाळा, संस्था व संस्थापक यांची गणना करतों. विद्यार्थी शाळेपर्यंत पोहोंचला कसा, याचा विचार सहसा करीत नाहीं. नगर जिल्ह्यापुरता तरी हा विचार टाळतां येण्याजोगा नाहीं. सुमारें १७,००० चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा विस्तारानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. त्याच्या पश्चिमेस अकोल्याचे डोंगर, तर पूर्वेस पाथर्डी-शेवगांवचा अवर्षणग्रस्त मुलूख.

१८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. नगर, राहुरी, कोपरगांव या भागांस तो लाभला. अकोलें, संगमनेर, पाथर्डी, जामखेड हीं गांवें त्याच्यापासून दूरच राहिलीं. शिवाय आगगाडी धांवे ती मालासाठीं व लांबच्या उतारूंसाठीं. सकाळीं शाळेंत जाऊन सायंकाळीं परतणारें मूल तिच्या वेळापत्रकाच्या खिजगणतींतही नव्हतें.

मुलाला रोज शाळेपर्यंत नेतां येत नसेल, तर त्याला शाळेजवळ आणून ठेवावें, हाच त्या काळीं मार्ग होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. जातिभेद मोडण्याचें साधन म्हणून त्याचा गौरव होतो व तो रास्तच आहे. परंतु अंतराच्या प्रश्नाचेंही तें उत्तर होतें. मात्र असलें उत्तर मुख्यतः मुलग्यांच्या कामीं आलें. वाढत्या वयाची मुलगी परगांवीं ठेवण्यास खेड्यांतील आईबाप सहसा राजी होत नसत. गांवची शाळा जेथें संपे, तेथेंच बहुधा तिचें शिक्षणही संपे.

१ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर व पुणें यांच्या दरम्यान धांवली. आदल्याच वर्षीं, १९४७ सालीं, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं नगरास महाविद्यालय स्थापिलें होतें. या दोन घटना एकत्र मांडण्याची आपल्याकडे रीत नाहीं. तथापि पुढें एस्. टी. जसजशी खेड्यांत शिरली, तसतसें बाहेरगांवीं शिकून दिवेलागणीपूर्वीं घरीं परतणें शक्य होऊं लागलें. मुलीला पुढें शिकवावें कीं नाहीं, याचा निर्णय पुष्कळ घरांत या परतीवरच होत आला आहे.

पुढें सवलतीही आल्या. विद्यार्थ्यांस मासिक पासांत ६६.६७ टक्के सूट मिळाली. याच जिल्ह्यांतील चोंडी येथें १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांच्या नांवानें मुलींना मोफत पास मिळूं लागले. जिल्ह्यासही २०२४ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. परंतु भाडें माफ करणें निराळें व वेळेवर गाडी सोडणें निराळें. करोनामुळें मिटलेल्या शाळा ऑक्टोबर २०२१ मध्यें उघडतात न उघडतात, तोंच एस्. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला व तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांचीं गाऱ्हाणीं खरीं होतीं. पण त्या काळांत मोफत पास निरुपयोगी ठरला, हेंही तितकेंच खरें. मुलगा वडापच्या जीपला लोंबकळून जाऊं शकतो. मुलीला तसें पाठविण्यास घरचे कचरतात.

रस्त्यांची लांबी व सवलतींची टक्केवारी हीं मोजमापें सरकारी अहवालास सोयीचीं आहेत. अकोल्याच्या वाडीवरील मुलीपुढें प्रश्न एकच असतो: शेवटचा तास सुटल्यावर गांवाकडे जाणारी गाडी आहे काय? ही गाडी शाळेच्या घंटेशीं जुळविणें हें केवळ आगाराचें काम समजूं नये. शिक्षकाच्या नेमणुकीइतकेंच तें शिक्षणखात्याचेंही कर्तव्य आहे.