पवनीचे दान, देवटेकची आज्ञा आणि गृहस्थाचे ताट

तथागतांचा धम्म केवळ विहारवासी भिक्खूंसाठी नाही. घरात राहून, चूल पेटवून, लेकरेबाळे सांभाळून जगणाऱ्या उपासक-उपासिकांसाठीही तो आहे. भंडारा जिल्ह्यातील अनेक बौद्ध घरांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत किंवा पौर्णिमेच्या उपोसथाला मांसाहार वर्ज्य असतो. काही कुटुंबांनी तो कायमचा सोडला आहे. अशा वेळी प्रश्न उपस्थित होतो : बौद्ध गृहस्थाने शाकाहारी असलेच पाहिजे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या परिसराच्या इतिहासातच शोधता येते.

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. त्यात प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेथील शिळांवर दात्यांचे छोटे ब्राह्मी लेख आहेत. विसमिता नावाच्या एका स्त्रीने आपले दान सर्व सत्त्वांच्या सुखासाठी असो, अशी इच्छा कोरविली आहे. स्वतःसाठी किंवा कुळासाठी तिने काही मागितले नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच भूमीतील एका स्त्रीने सर्व प्राणिमात्रांना आपल्या मंगलकामनेत सामावून घेतले होते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पवनीच्या दक्षिणेस, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक हे गाव आहे. तेथील शिलालेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अभ्यासला. त्यांच्या वाचनानुसार त्यातील जुना लेख म्हणजे प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा असून ती अशोककालीन आहे. त्याच शिळेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख कोरला गेला. आज्ञा दगडावर कोरली तरी तिच्यावर दुसरा राजा आपले अक्षर कोरू शकतो, हा बोध त्यातून घेता येतो.

सम्राट अशोकालाही आज्ञेची ही मर्यादा ठाऊक होती. पहिल्या शिलालेखात तो आपल्या पाकशाळेविषयी बोलतो. पूर्वी तेथे दररोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, तेही पुढे मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. म्हणजे त्याने सुधारणेचा आरंभ स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केला. सातव्या स्तंभलेखात तो याहून मोलाची गोष्ट नोंदवितो. धम्माची वाढ नियमाने आणि ‘निझति’ म्हणजे मनन-चिंतनाने अशा दोन मार्गांनी होते. त्यांपैकी नियमाचे फळ थोडे, मननाचे मोठे. याचे उदाहरण देताना तो प्राणिहत्येवरील बंदीचाच उल्लेख करतो.

तिपिटकाची भूमिकाही हीच आहे. जीवक सुत्तात, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले अथवा तशी शंका आली तर ते मांस भिक्खूने घेऊ नये, असे सांगितले आहे. संघात मत्स्य-मांस पूर्णपणे वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी तथागतांनी मान्य केली नाही. आमगंध सुत्त तर स्पष्ट करते की, दुर्गंध मांसभक्षणाचा नसून हिंसा, चोरी, असत्य यांचा आहे. तथापि उपासकाने मांसाचा व्यापार करू नये, असेही अंगुत्तर निकायात सांगितले आहे. अर्थात करुणा अनिवार्य आहे, ताटाची तपासणी नव्हे.

आपल्या समाजाच्या बाबतीत या भेदाला विशेष महत्त्व आहे. मेलेली गुरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे हे आपल्या पूर्वजांवर लादले गेले होते. मार्च १९२७ मध्ये महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले ते स्वाभिमानासाठी. १९४८ च्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, ब्राह्मणांचा शाकाहार हा बौद्ध धम्माविरुद्धच्या संघर्षातील डावपेच होता आणि गोमांसभक्षण हे अस्पृश्यतेचे कारण ठरले. ज्या भंडाऱ्यातून १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी लढविली, तेथील असंख्य लोकांनी १९५६ नंतर धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवरील दया आहे, मद्यवर्जन आहे. मांसत्यागाची प्रतिज्ञा नाही. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील फरक स्पष्ट केला असून, अहिंसेला तत्त्व मानले आहे, आंधळा नियम नव्हे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. धानाच्या आणि तलावांच्या या जिल्ह्यात गरिबाचे रोजचे ताट बहुतांशी वनस्पतीजन्यच होते : भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. धान निघाल्यावर बांधीतील ओलीवर वाढणारी लाख गरिबांना आधार देई. पण केवळ तिच्यावरच महिनोन्महिने जगावे लागले की पाय लुळे पडण्याचा धोका असे. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात ती २००८ मध्ये उठली. हे शाकाहारी ताट व्रताचे नव्हते, अभावाचे होते. म्हणून आज जे कुटुंब स्वेच्छेने शाकाहार स्वीकारते, त्याने तूर, मूग, हरभरा, जवस, पालेभाज्या यांनी ताट भरलेले ठेवावे. उपवास घडविणारा शाकाहार ही करुणा नव्हे.

तेव्हा निष्कर्ष असा की, गृहस्थाने मांस सोडले तर ते चेतनेने, मनन करून सोडावे. तसा त्याग अभिनंदनीय आहे. परंतु शाकाहार स्वीकारलेली सून सासूच्या मासळीच्या भांड्याकडे नाक मुरडू लागली, किंवा शिकलेला मुलगा आजोबांच्या जुन्या अन्नाची लाज बाळगू लागला, तर शुद्ध-अशुद्धतेची तीच जुनी उतरंड मागच्या दाराने आपल्या घरात शिरली असे समजावे. विसमितेच्या सर्व सत्त्वांत मुका प्राणी आहे, आणि आपल्या पंक्तीला बसलेला माणूसही आहे. दोघांवरही मैत्री करणे हाच गृहस्थाचा धम्म होय.

भवतु सब्ब मंगलं!