खाडीचे तोंड किती मोठे?

वाळूच्या किनाऱ्यावर जेथे खाडी समुद्राला मिळते, तेथे दोन क्रिया सतत चालू असतात. लाटा किनाऱ्याच्या कडेने वाळू आणून खाडीच्या तोंडात टाकतात, तर भरती-ओहोटीचा प्रवाह ती उपसून काढतो. तरीही अनेक खाड्यांच्या तोंडांचा आकार वर्षानुवर्षे साधारण तेवढाच राहतो. तो कशावरून ठरतो?

अमेरिकेतील मोरो ओब्रायन (१९०२–१९८८) यांनी हा प्रश्न जवळजवळ आयुष्यभर सोबत बाळगला. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९२८ मध्ये बर्कले येथे प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरील वाळूच्या हालचालींची पाहणी त्यांच्याकडे आली. तेथील खाड्यांची मापे ताडून पाहताना त्यांना एक संबंध आढळला. एका भरतीत खाडीत जेवढे पाणी शिरते, त्या घनफळावर तोंडाच्या काटछेदाचे क्षेत्रफळ अवलंबून असते. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

कारण सोपे आहे. तोंड फार मोठे झाले तर प्रवाह मंदावतो, वाळू साचते आणि तोंड लहान होते. फार लहान झाले तर प्रवाहाचा वेग वाढतो आणि तळ खरवडला जातो. म्हणजे खाडी आपले तोंड आपणच राखते.

दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा आणि पुळणीच्या उताराचा अभ्यास निकडीचा झाला. बर्कलेचा गट त्या कामात होता. १९५० मध्ये लाँग बीच येथे किनारा अभियांत्रिकीची पहिली परिषद भरली, तीही ओब्रायन यांच्या पुढाकाराने. हा स्थापत्य अभियांत्रिकीचाच भाग आहे, पण सागरविज्ञान आणि हवामानशास्त्र यांच्या आधाराशिवाय तो उभा राहू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१९६९ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, ते मूळ प्रश्नाकडे परतले. बांध नसलेल्या वाळूच्या मुखांसाठी त्यांनी दिलेले सूत्र मीटरमध्ये असे होते: काटछेद = ०.००००६५६ × भरतीचे घनफळ. समजा, खाडीचे क्षेत्र १० चौरस किलोमीटर आणि भरती-ओहोटीतील फरक २ मीटर आहे. मग घनफळ २ कोटी घनमीटर आणि काटछेद सुमारे १,३१० चौरस मीटर येतो. आता निम्म्या खाडीत भराव घातला, तर काटछेदही निम्मा, सुमारे ६५५ चौरस मीटर होईल. भराव पडतो आत, कोठेतरी दलदलीत. पण होड्या अडकतात बाहेर, तोंडाशी. तेथे कितीही गाळ उपसला तरी वाळू परत येते, कारण ती उपसणारे पाणीच आपण कमी केलेले असते.

कोकणातील खाड्यांना हे सूत्र जसेच्या तसे लावता येणार नाही. तेथे अनेक तोंडांशी खडकाळ टेकड्या आहेत, शिवाय पावसाळ्यात नद्यांचे पूरही येतात. पण सूत्रामागचा विचार तेथेही उपयोगी आहे: खाजण आणि तिवरांची जागा ही रिकामी जमीन नसून भरतीचे पाणी सामावणारी जागा आहे.

वर्गात वरील उदाहरण वेगवेगळे आकडे घेऊन करून पाहावे. त्यानंतर जवळच्या खाडीच्या नकाशावर, भरतीचे पाणी कोठवर पोहोचते आणि पूर्वी कोठवर पोहोचत असे, हे विद्यार्थ्यांना गावातील वृद्ध कोळ्यांना विचारून रेखाटता येईल.